क्रॉसिंगवरची तिलांजली

रविवार, १२ सप्टेंबर २०२१

पोचले एकदाची! पर्थच्या हॉटेलात क्वारंटाइन करताना खिडकीसुद्धा उघडायची सोय नव्हती, त्यामुळे आज गाडीची काच खाली करून दिवसभर लाल धूळ खात आले तरी जिवाला बरं वाटलं. कालगुर्ली म्हणजे एक अजस्र सोन्याची खाण आणि तिच्या कडेला बसलेलं गाव. रस्ते इतके रुंद की एकेका रस्त्यात आमच्या दोन पेठा मावतील. पूर्वी उंटांचे तांडे वळवायला एवढी जागा लागायची म्हणे. आणि सगळ्यात भारी गोष्ट म्हणजे इथे कोणाच्या तोंडाला मास्क नाही! बॉर्डर बंद करून ही मंडळी मजेत बसली आहेत. तिकडे सिडनीत गिरावीनला माझ्या मैत्रिणी अजून घराच्या खिडकीतून एकमेकींना हात हलवतायत.

हॉस्पिटलात रेडिओग्राफरची जागा आहे, म्हणजे दिवसभर लोकांची हाडं बघायची. सिडनीत पॅरामॅटाला तेच करत होते, पण तिथे रेंटमध्ये पगार जायचा. इथे घरमालकीण लीनाच्या मागच्या अंगणातला ग्रॅनी फ्लॅट मिळालाय, छोटासा पण उजेडाचा. लीना साठीच्या पुढची, एकटीच राहते, हसली की अख्खी हलते. दारातच एका मातीच्या सुरईत पाणी भरून ठेवलेलं असतं. आल्या आल्या तिने आधी पेलाभर पाणी दिलं, मी पिईपर्यंत बघत उभी राहिली, मग स्वतः प्यायली, आणि मग चहाचं विचारलं. मी म्हटलं, बाई गं, हे तर आमच्याकडचंच झालं.

ही डायरी बाबांनी पाठवलेली. पाटबंधारे खात्यातून रिटायर झाले तरी दरवर्षी कुठून तरी एक डायरी पैदा करायचे आणि ‘चिनू, रोज चार ओळी तरी लिही’ अशी चिठ्ठी घालायचे. यंदाची कोरीच राहिली होती. आता लिहिणार.

शुक्रवार, १७ सप्टेंबर

आठवडा छान गेला. ड्यूटीवर डॉक्टर श्रीनिवास असतो, बंगलोरचा, हिंदीत जोक मारतो आणि स्वतःच हसतो. पहिल्याच दिवशी म्हणाला की यहाँ पे या तो खाणीतले टूटे हुए पाय येतात या शनिवार रात्रीच्या मारामारीतले टूटे हुए दात.

आज लीनाबरोबर अंगणात चहा झाला. मी सहज सुरईचं विचारलं तर बाईंनी अख्खा इतिहास सांगितला. तिचे पणजोबा इथे उंट घेऊन आलेले, एकाच टोळीचे पुष्कळ लोक एकाच बोटीने आले. त्यांच्या मुलखात गादीवरून दोन सख्ख्या भावांची लढाई पेटली. त्याची बातमी कित्येक महिन्यांनी इथे पोचली आणि इथे, हजारो मैलांवर, वाळवंटात, एका ताटात जेवणारी माणसं दोन तट करून बसली. सिव्हिल वॉर म्हणाली ती. आपल्याकडे यादवी म्हणतात, आणि घरात झाली की भाऊबंदकी. दुष्काळाचं वर्ष होतं. इथून पूर्वेला एक कोरडी नदी आहे, तिथे उंट पार न्यायची जागा होती, तिला क्रॉसिंगच म्हणतात. नदी ओलांडली की पलीकडच्या काठाला खणून काढलेलं पाणी, आणि ते पणजोबांच्या तटाच्या ताब्यात. दोन-तीन दिवस गोळीबार झाला. अलीकडच्या काठावरचे तहानेने वेडेपिसे झाले. शेवटी पणजोबांनी ओरडून सांगितलं की हातातलं खाली ठेवा आणि या, पाणी प्या, आपण भाऊ आहोत. ते हत्यारं ठेवून आले, ओंजळी पुढे करून वाकले, आणि तिथेच त्यांना मारलं. एकाच्याही घशाखाली पाणी उतरू दिलं नाही.

तेव्हापासून त्यांच्या घरात पाहुण्याने पाणी प्यायल्याशिवाय यजमानाने प्यायचं नाही. एवढंच प्रायश्चित्त! मी तोंडावर काही बोलले नाही, पण मनात म्हटलं, माणसं मारून सुरई भरून ठेवली की झालं?

पाण्यावाचून मारणं काय असतं ते मला माहीत आहे.

रविवार, १९ सप्टेंबर

रानफुलं बघायला म्हणून गाडी काढली आणि त्या क्रॉसिंगपर्यंत जाऊन आले. नदी कसली, वाळूचा पट्टा आहे. दोन्ही काठांना खुरटी झाडं, मधे भुरकट वाळू, कुठे पाण्याचा टिपूस नाही. पलीकडे एक दगडांचा ढीग. जवळच कुठल्याशा खाणीचा टॉवर आहे म्हणून फोनला चक्क रेंज! पांढरी-गुलाबी फुलं मात्र मैलोन्‌मैल. फोटो काढले, पण पाठवू कोणाला? बाबा नाहीत. प्रणवला पाठवायचा प्रश्नच नाही.

लिहूनच टाकते, म्हणजे मनातून उतरेल. प्रणव माझा धाकटा भाऊ. पुण्यात बाबा त्याच्याजवळ होते. एप्रिलमध्ये बाबांना कोविड झाला, त्यांना हॉस्पिटलात टाकलं, आणि मला कळलं ते सगळं आटोपल्यावर. विमानं बंद, मी इकडे भिंतीवर डोकं आपटतेय. नंतर बाबांच्या शेजारच्या बेडवरच्या गृहस्थांचा फोन आला होता. बिचारे चांगल्या मनाने सांगत होते. बाबा शेवटच्या रात्री पाणी पाणी करत होते, नर्सा पुऱ्या पडत नव्हत्या, आणि बाबा सारखे मुलाला फोन लावत होते. मुलाने एकदाही उचलला नाही. सकाळी गेले. मरताना तोंडात पाण्याचा थेंब नाही, तुळशीचं पान तर सोडाच.

मी प्रणवला फोन करून विचारलं की कुठे उलथला होतास? तो गप्प राहिला. एक शब्द नाही. त्या दिवसापासून मी त्याच्याशी बोललेले नाही. राखी पाठवली नाही, पाठवणारही नाही.

मंगळवार, २१ सप्टेंबर

पितृपंधरवडा लागला. पहिल्या वर्षी भरणी श्राद्ध करतात एवढं मला माहीत होतं, म्हणून पुण्याच्या आमच्या विश्रामगुरुजींना व्हॉट्सॲप केलं की शुक्रवारी व्हिडिओवर सांगाल का, मी करते. त्यांचं उत्तर आलं की चिनूताई, प्रणव करतोय, तुम्ही फक्त मनोभावे नमस्कार करा.

प्रणव करतोय! जिवंतपणी पाणी दिलं नाही, आणि आता सोवळं नेसून ओंजळी सोडणार! एक्स-रे काढताना पेशंटला दोनदा श्वास रोखायला सांगितला आणि सोड म्हणायचं विसरले.

मीच करणार. काळे तीळ आहेत, गिरावीनहून येताना किराणा भरून आणलाय. बाबांचा तांब्याचा तांब्या आहे. नदीही आहे, कोरडी का असेना. यूट्यूबवर बघते आणि करते. मला कोण अडवतं बघू.

शुक्रवार, २४ सप्टेंबर

केलं.

आज सुट्टी होती. सकाळी भात शिजवून डब्यात घेतला, पाण्याचा कॅन घेतला, आणि क्रॉसिंगवर पोचले तेव्हा ऊन डोक्यावर आलेलं. नदीच्या मधोमध, दक्षिणेकडे तोंड करून बसले. बाबांचं नाव, गोत्र, हातात तीळ, अंगठा आणि तर्जनीच्या मधून पाणी सोडलं. मग रडले. पोटभर रडले.

मग काय वाटलं कोण जाणे. श्राद्धात ज्यांचं कोणी नाही त्यांनाही पाणी देतात, हे आजी करायची तेव्हा बघितलेलं. म्हणून दुसरी ओंजळ भरली आणि मोठ्याने म्हटलं की इथे भावांच्या हातून पाण्यावाचून मेलेल्यांनो, तुमचं कोणी नसेल तर मी आहे, घ्या. पाणी वाळूत पडलं आणि आवाज झाला. जिरताना होतो तसला नाही. घोट घेतल्याचा आवाज.

आणि मग माझं डोकं फिरलं. तिसरी ओंजळ भरली. तीळ घेतले. प्रणवचं नाव घेतलं, बापाचं नाव, गोत्र, सगळं रीतसर, आणि म्हटलं, ही घे तिलांजली, तू मला मेलास. नुसतं बोलण्यात नाही, खरोखर पाणी सोडलं. त्याने बाबांना जसं तहानलेलं ठेवलं तसाच तोही राहू दे, असंही म्हटलं. कोणाला म्हटलं ते माहीत नाही.

फार मोकळं वाटलं. येताना गाडीत गाणी लावली.

एकच गोष्ट. भाताचा घास कावळ्यासाठी ठेवला होता. इथे कावळे काय कमी आहेत, झाडावर थवा बसला होता. एकही खाली उतरला नाही.

रविवार, २६ सप्टेंबर

घरी परत पान ठेवून बघितलं, अंगणात. कावळे कुंपणावर बसून बघतात आणि शिवत नाहीत. बाबांचं काय अडलंय? म्हटलं, बाबा, सगळं मनासारखं होईल, शिवू द्या. तरी नाही.

लीनाने विचारलं की तुझ्या नळाला रेती येते का. माझ्या नळाला नाही येत. तिच्या सुरईच्या तळाशी लाल-भुरकट वाळू बसली होती. प्लंबर बोलावणार म्हणाली. नो वरीज म्हणाली आणि हसली, पण हसताना ओठ फुटलेले दिसले.

दुपारी कपडे वाळत घालताना मागच्या कुंपणापलीकडे माणसं बसलेली दिसली. उकिडवी, रांगेत, डोक्याला फडकी. वाटलं खाणीवरचे मजूर असतील, सावलीला बसलेत. मग लक्षात आलं की तिकडे सावली नाहीच. त्यांचीही नव्हती. प्रत्येकाने ओंजळ पुढे धरलेली होती. मी आत येऊन दार लावलं. पुन्हा बघितलं तर रस्ता मोकळा.

ऊन लागलं असेल. रडून रडून डोळे सुजलेत, त्यात हे ऊन.

मंगळवार, २८ सप्टेंबर

लीनाला हॉस्पिटलात आणलं. कालपासून ती नळाला तोंड लावून बसलेली होती, कितीही प्यायली तरी तहान जात नव्हती. पोट फुगलेलं, जीभ चामड्यासारखी. एक्स-रे मीच काढला.

प्लेट स्क्रीनवर आली. जठरापासून खालपर्यंत पांढरे कण, ठासून भरलेले. रेती. घशातही. श्रीनिवास म्हणाला की बुढिया ने रेत खाया है क्या, मनाचा आजार असतो असा, होता है. मग मशीनच बिघडलंय का बघ म्हणाला. मशीन ठीक होतं. माझ्या हाताचा काढून बघितला.

लीना एवढा वेळ पाणीच पीत होती. मी तिला पेला देऊन पिताना बघितलंय. पाणी आत जाताना पाणीच होतं.

गुरुवार, ३० सप्टेंबर

लीना गेली.

शिफ्ट संपल्यावर वॉर्डात गेले होते. आवाज जेमतेम फुटत होता. मला म्हणाली की क्रॉसिंगवर कोणीतरी पाणी दिलंय. एवढी वर्षं ते कोरडे पडून होते, उठायची ताकद नव्हती. तिच्या आजीने बजावलं होतं की तिथे पाण्याचा थेंब सांडू नका, पण हे मला सांगायचं तिच्या लक्षातच आलं नाही. तिथे पाणी न्यायचं कोणाच्या डोक्यात तरी येईल का, असं तिला वाटलेलं. मी खाली बघत बसले.

मग तिने विचारलं की नुसतं पाणी दिलंस, की नावही घेतलंस? मी मान हलवली. तिने डोळे मिटले. म्हणाली की उठल्यावर ते आधी आमच्याच घरी येणार, शब्द आम्ही मोडला; ते मोडत नाहीत. पाण्याबरोबर ज्याचं नाव देशील त्याच्याकडे ते जातात. ओंजळीमागे एक माणूस हवा त्यांना. कोण, याच्याशी त्यांना देणंघेणं नाही.

पंधरा-वीस मिनिटांत गेली असेल. उशीवर वाळू होती. नर्सने झटकली.

मी काय केलं हे? या बाईने मला आल्या दिवशी आधी पाणी दिलं होतं.

शनिवार, २ ऑक्टोबर

सरितावहिनीचा, प्रणवच्या बायकोचा, मेसेज. तिला मी वहिनी म्हणायचं बंद केलं होतं, हात जुन्या सवयीने लिहून गेला. ताई, प्रणवला आठवडाभर विचित्र तहान लागतेय, पाणी मातीसारखं लागतं म्हणतो, शुगर नॉर्मल आली, तुमच्या ओळखीचं कोणी डॉक्टर आहे का.

खोटं कशाला लिहू? बरं वाटलं. वाचता वाचता तोंडातून निघालं की कळू दे आता, बाबांना कसं वाटलं असेल ते कळू दे. चहा केला. दोन बिस्किटं खाल्ली. लीनाचं रिकामं घर समोर दिसत होतं तरी मला बरं वाटत होतं.

कुंपणाच्या आत आलेत ते. अंगणात. दुपारच्या लख्ख उन्हात बसतात. माश्या इथे माणसाला सोडत नाहीत, त्यांच्यावर एकही बसत नाही. त्यांनी माझ्याकडे बघून मान लववली. घरच्या माणसाला करतात तशी.

रविवार, ३ ऑक्टोबर

सरिताने एक्स-रे पाठवला. तिथला डॉक्टर म्हणाला की फिल्मवर डाग पडलेत, गॅसेस आहेत, परत काढू.

डाग नाहीत. मी ही प्लेट बघितलेली आहे. लीनाची आणि ही एकमेकींवर ठेवली तर फरक दाखवता येणार नाही. फक्त अजून घशापर्यंत आलेलं नाही.

त्या प्लेटमध्ये त्याची गळ्याखालची हासळी दिसते, लहानपणी मी ढकलल्यामुळे मोडलेली. वाकडीच जुळली. मला ओळखू आली.

मला बरं वाटत नाहीये आता.

सोमवार, ४ ऑक्टोबर

सरिताला फोन केला. म्हटलं, एकदाच खरं सांग, त्या रात्री हा कुठे होता.

ती रडायलाच लागली. म्हणाली, ताई, त्याने शपथ घातली होती. त्या रात्री प्रणव स्वतः दुसऱ्या हॉस्पिटलात होता. ऑक्सिजनवर, तोंडाला नळी लावलेली. फोन त्याच्या पिशवीत, पिशवी नर्सच्या कपाटात. बाबा फोन लावत होते आणि हा तिकडे शुद्धीवर नव्हता. शुद्धीवर आला तेव्हा बाबांचं सगळं आटोपलेलं.

मला का नाही सांगितलं? मी ओरडलेच. ती म्हणाली की तुम्ही एकट्या, विमानं बंद, बाबा गेलेले, त्यात हाही जातोय म्हटलं असतं तर तुम्ही वेड्या झाला असता. आणि नंतर तुम्ही फोनवर जे बोललात ते ऐकून तो म्हणाला की ताईला रागवायला कोणीतरी हवंय, मी झालो तर काय बिघडलं. राग उतरला की येईल ती.

प्रणू. गाढवा. मूर्खा. बोलायचंस ना रे.

आणि मी — मी त्याला रीतसर, गोत्रासकट —

सरिता म्हणाली, आज त्याच्या उशीवर वाळू सापडली. खिडकीतून आली असेल.

मंगळवार, ५ ऑक्टोबर

गुरुजींना फोन. सगळं सांगितलं. आधी चिडले, मग घाबरले. म्हणाले, जिवंत माणसाच्या नावाने तीळपाणी कोणी सोडतं का, ताई? हातातून सुटलेलं पाणी परत ओंजळीत येत नाही. आज शस्त्राने मेलेल्यांची तिथी, उद्या सर्वपित्री, उद्यानंतर जे आलेत ते परत जातात — आणि रिकाम्या हाताने जात नाहीत. मी विचारलं, सोडलेल्या पाण्यातलं नाव बदलता येतं का. फोन ठेवला त्यांनी.

हॉस्पिटलात सिक लीव्ह कळवली. श्रीनिवासचा मेसेज, क्या हुआ, कोविड तो नहीं ना. नाही रे बाबा. कोविड नाही.

ते आता घरात आहेत. स्वयंपाकघरात, भिंतीला टेकून, ओळीने. काही करत नाहीत. बसलेत, ओंजळी पुढे. मी त्यांच्यामधून वाट काढून गॅसपर्यंत जाते. मी त्यांना सांगितलं, तो निर्दोष आहे, त्याला सोडा. मराठीत, इंग्लिशमध्ये, हिंदीत. हात जोडले. पाया पडले.

तेही निर्दोषच होते. ते वाकले होते पाणी प्यायला. त्यांना कोणी सोडलं?

मीच म्हटलं होतं ना, तुमचं कोणी नसेल तर मी आहे. झाले आता मी त्यांची.

संध्याकाळी सरिताचा मेसेज. ॲडमिट केलंय. आवाज बसलाय. ताई ताई करतोय.

लीना काय म्हणाली होती? ओंजळीमागे एक माणूस. कोण, याच्याशी देणंघेणं नाही.

बुधवार, ६ ऑक्टोबर. सकाळ

भात केला. तांब्या घेतला, तीळ घेतले, डायरी घेतली. लीनाची सुरई भरून तिच्या दारात ठेवली.

गाडीत मागच्या सीटवर ते बसलेत. आरशात दिसत नाहीत. सीट दबलेली दिसते.

प्रणवला व्हॉइस मेसेज केला. राग उतरला म्हटलं. राखी पोस्टाने येईल म्हटलं. टाकली नाहीये अजून — तिकडचीच एखादी बांधून घे म्हटलं असतं तर —

क्रॉसिंग. दुपार

काठावर गाडी उभी केली. पाण्याचे कॅन, फोन, सगळं गाडीतच राहिलं. तांब्या, तीळ, भाताचा डबा आणि डायरी एवढंच घेऊन मधोमध बसलेय.

ते दोन्ही काठांवर. केवढे आहेत. मला वाटलं होतं पाच-पंचवीस —

सोडलं पाणी. नाव घेतलं. चिन्मयी. बापाचं नाव. गोत्र. म्हटलं, प्रणवच्या जागी मी, त्याचं पाणी परत घ्या, माझं धरा. त्याने काही केलं नाही. मी केलं.

तोच घोट घेतल्याचा आवाज.

कावळा आला. डब्यावर बसला. शिवला. भाताला शिवला! बाबा, शिवलात —

थोड्या वेळाने

तहान.

घसा — थुंकले तर वाळू. दाताखाली करकर.

तांब्या रिकामा. कॅन गाडीत आहेत, गाडी दिसतेय, तिथेच तर आहे, उठायला गेले तर पाय वाळूत — आणि गाडी आणि मी यांच्यामध्ये ते उभे राहिलेत. सरळ उभे. आतापर्यंत बसलेलेच बघितले होते.

फोन वाजतोय. गाडीत. ती रिंग प्रणवची, मी कधी बदललीच नाही. म्हणजे बोलता येतंय त्याला. म्हणजे पाणी उतरलं घशाखाली. प्रणू, प्यायलास ना रे? प्यायलास ना?

थांबला. परत वाजतोय.

परत.

उचलता येत नाही रे. फोन असून उचलता येत नाही, असं होतं माणसाचं — आता कळलं — सांगा त्याला कोणीतरी, ताईला कळलं —

तहान.

पलीकडच्या काठावर पाणी आहे. खरंच आहे. दगडांच्या ढिगाजवळ, निळं, हलतंय. तिथे एक जण वाकून भरतोय, बाबांसारखा — बाबांचाच सदरा — हात करतोय. बाकीचे बाजूला झाले. वाट दिली. ये म्हणतात. पी म्हणतात. आपण एकाच घरचे म्हणतात.

फोन वाजतोय.

मला माहीत आहे हे काय आहे. लीनाने सांगितलं होतं. बोलावणं तेच — पण तहान —

हातातलं खाली ठेव म्हणतात. आधी हातातलं खाली ठेव, मग ये.

हातात तर माझ्या पेनच